ज्याला बदलता येते, त्याने बदलावे

जुन्या एम्बेडेड बोर्डांवर, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांवर, नवा लिनक्स कर्नेल (लिनक्स प्रणालीचा गाभा) चालला पाहिजे की नाही, हा वाद कोल्हापुरात रंगावा याचे काहींना आश्चर्य वाटेल. मला वाटत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत भट्टीच्या पॅनेलमध्ये, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, गावोगावच्या दूध संस्थांत फॅटच्या मशीनशेजारच्या पेटीत असे बोर्ड बसलेले आहेत आणि त्यांतल्या काहींच्या पोटात लिनक्स आहे. पेटी बसवली तेव्हा नवी होती; आता ती बनवणारी कंपनी फोन उचलत नाही. मग वाद होणारच. वाईट इतकेच की तो फार ढिसाळपणे घातला जातो. एका बाजूला सॉफ्टवेअरमधली तरुण मंडळी म्हणतात, जुने फेका, नवे घ्या, कर्नेल म्हणजे काय भंगाराचे गोडाऊन आहे का? दुसऱ्या बाजूला कारखानदार म्हणतात, हा सगळा नवा माल खपवण्याचा डाव आहे. पहिल्यांनी चालू शिफ्टमध्ये थांबलेली लाइन पाहिलेली नाही. दुसऱ्यांना कर्नेल कोण सांभाळते आणि त्याला त्यात काय मिळते, याचा पत्ता नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. जुन्या फर्मवेअरशी, म्हणजे बोर्डात आधीच भरून आलेल्या प्रोग्रॅमशी, जुळवून घेण्याची जबाबदारी नव्या कर्नेलची आहे, कारण त्या दोघांत बदलता येण्यासारखा तोच आहे. मात्र ही जबाबदारी बिनशर्त नाही. जुना बोर्ड वापरणारा माणूस चाचणी करत नसेल, बिघाड कळवत नसेल, आपण आहोत एवढेही सांगत नसेल, तर मेंटेनरने (कर्नेलचा तो भाग सांभाळणाऱ्याने) तो कोड काढून टाकला म्हणून त्याला शिव्या देण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

वादातला अर्धा गोंधळ 'सपोर्ट' या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यामुळे होतो. बोर्डाला वीज मिळाली की आधी चिपमधला रॉम कोड जागा होतो, मग बूटलोडर. तो बहुतेक वेळा यू-बूट असतो. तो मेमरी तयार करतो, कर्नेल तिच्यात आणून ठेवतो आणि 'तुझ्यासमोर हे हार्डवेअर आहे' अशी माहिती त्याच्या हाती देऊन बाजूला होतो. वाद आहे तो या देवाणघेवाणीचा. एखाद्या चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारा कोड) ठेवावा की नाही, हा निराळा प्रश्न.

एआरएम जातीच्या चिपांच्या बोर्डांवर पूर्वी ही माहिती अगदी त्रोटक असे. एका रजिस्टरमध्ये बोर्डाचा क्रमांक आणि मेमरीत एटॅग नावाची छोटी यादी, बस्स. बाकी सगळे कर्नेलमध्येच, प्रत्येक बोर्डासाठी वेगळी फाइल लिहून. या फायलींचा इतका ढीग झाला की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी वैतागून एआरएमवाल्यांना जाहीर झापले. त्यानंतर डिव्हाइस ट्री आले. हार्डवेअरचे वर्णन कर्नेलच्या बाहेर, एका वेगळ्या फाइलमध्ये. ही कल्पना सनच्या वर्कस्टेशनांवर आणि अ‍ॅपलच्या पॉवरपीसी मशीनवर चालणाऱ्या ओपन फर्मवेअरमधली. पण जगभर आधीच बसलेल्या बोर्डांतल्या बूटलोडरांना डिव्हाइस ट्री म्हणजे काय हे कुठे ठाऊक होते? मग त्यांना टाकून दिले का? नाही. ट्रीची फाइल कर्नेलच्या इमेजच्या शेपटीलाच चिकटवायची सोय केली. बूटलोडर आपल्या जुन्या पद्धतीने एटॅग देतो. कर्नेल सुरू होतानाच त्यातला मेमरीचा आकार आणि कमांड लाइन (सुरू होतानाच्या सूचना) उचलून ट्रीमध्ये घालतो. बूटलोडरला पत्ताही लागत नाही. सुसंगती म्हणजे एवढेच. उंबरठ्यावरचा एक छोटा कोड, ज्याच्या आतले घर पूर्ण नव्याने बांधता येते.

नियमही तसाच लिहिलेला आहे. डिव्हाइस ट्रीच्या रचनेबद्दल कर्नेलच्या दस्तऐवजांत सांगितले आहे की स्थिर रचना म्हणजे नवा कर्नेल जुन्या ट्रीवर मोडणार नाही. ती रचना कायमची गोठवली असा त्याचा अर्थ नाही. बंधन एकाच दिशेचे आहे. जुन्या कर्नेलने नवी ट्री वाचलीच पाहिजे, असे कुणी म्हणत नाही.

आता विरोधी बाजूचा एक मुद्दा घेतो, कारण तो कोल्हापूरकरांना पटकन पटतो. आपली कोल्हापूर–मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली ती मीटरगेजवर. मिरजेत एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ यायचे आणि एका मापाच्या गाडीतला माल उतरवून दुसऱ्या मापाच्या गाडीत चढवावा लागायचा. शेवटी रेल्वेने १९९२ पासून देशभर एकच माप करण्याचा कार्यक्रम घेतला आणि मीटरगेज मोडीत काढले. तिथे कुणी 'जुन्या डब्यांशी सुसंगती' मागितली का? मग कर्नेलकडेच का मागता?

उत्तर सोपे आहे. रूळ रेल्वेचे होते, डबेही रेल्वेचेच होते. दोन्ही बाजू एकाच मालकाच्या हातात असल्या की दोन्ही एकदम बदलता येतात. कर्नेल लिहिणाऱ्याच्या हातात कर्नेल आहे. बोर्डावरचे फर्मवेअर नाही. ते ना त्याच्या हातात, ना पेटी विकत घेणाऱ्याच्या. यू-बूट जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे, त्यामुळे पेटी ज्याने विकली त्याच्याकडे त्याचा सोर्स (मूळ कोड) मागता येतो हे खरे. पण सोर्स मिळाला म्हणून चालू बोर्डावरचा बूटलोडर बदलून पाहण्याची हिंमत कोण करेल? लिहिता लिहिता वीज गेली तर बोर्ड मेला. मग पेटी खोला, केबल लावा, नशीब असेल तर जिवंत करा. कर्नेलचे तसे नसते. दोन प्रती ठेवता येतात, नवी बिघडली तर जुनीवर परतता येते. ज्या बाजूला चूक सुधारण्याची सोय आहे, बदलाचा भार त्याच बाजूने घ्यावा, यात भावनेचा काय संबंध?

उद्यमनगराच्या गावात हा फरक तर विशेष कळायला हवा. बंद पडलेल्या कंपनीच्या इंजिनाचा भाग तुटला तर आपल्याकडचा मिस्त्री नमुना हातात घेतो, पॅटर्न करतो, ओततो, लेथवर चढवतो आणि बसवून देतो. मूळ कंपनी असो वा नसो. या शहराने पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाशी असा संसार केला आहे. फर्मवेअरचा नमुना असा हातात घेता येत नाही. तो चिपमध्ये कुलूपबंद असतो आणि कधीकधी किल्लीही विकणाऱ्याकडेच असते. लोखंडाच्या बाबतीत जी ताकद आपल्या हातात होती ती इथे नाही, म्हणून कर्नेलच्या बाजूने मिळणारी सवलत आपल्याला जास्त मोलाची आहे. (राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. त्यांना फर्मवेअर नाही, म्हणूनच त्यांच्यावर असे लेख लिहावे लागत नाहीत.)

तरीही विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा यापेक्षा वेगळा आहे, आणि तो मी मान्य करतो. जुना कोड नुसता पडून राहत नाही. त्याच्याभोवतीचे प्रत्येक काम तो जड करतो. १९९१ मध्ये लिनक्स ज्या चिपवर जन्मले त्या ३८६ चाच सपोर्ट कर्नेलच्या २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढला गेला, कारण पुढच्या चिपांवरच्या सूचना त्या चिपवर नव्हत्या आणि अनेक प्रोसेसरांसाठी केलेला प्रत्येक बदल तिच्यापाशी अडखळत होता. टॉरवाल्ड्स यांनी आपण भावुक नसल्याचे सांगून तिला निरोप दिला. २०१८ मध्ये एका झटक्यात आठ आर्किटेक्चर (प्रोसेसरांच्या जाती) काढली, पाच लाखांच्या घरात ओळी. कुणाचा कारखाना थांबला? कुणाचाच नाही. आणि सांभाळणारी माणसे थकतात. कर्नेलच्या दीर्घकालीन आवृत्त्यांची सहा वर्षांची देखभाल पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले, ते काही हौस म्हणून नव्हे. कुणी चालवून पाहत नाही असा कोड कर्नेलमध्ये ठेवणे हे खोटे आश्वासन आहे. पाटी 'चालू' असे सांगते आणि आत सगळे गंजलेले असते.

हे सारे मान्य करूनही निष्कर्ष 'जुने फेका' असा निघत नाही, कारण या उदाहरणांत काढले ते काय आणि कसे, हे पाहायला हवे. २०२२ मध्ये एआरएमच्या जुन्या बोर्ड-फायलींवर 'वापरात नाही' अशी खूण केली गेली. कुणी वापरत असेल तर सांगा, असे विचारले गेले. एक दीर्घकालीन आवृत्ती निघेपर्यंत थांबून, मग २०२३ च्या ६.३ मध्ये त्या काढल्या; दीड लाखाच्या आसपास ओळी. ज्यांच्यासाठी कुणी बोलले ते बोर्ड राहिले. ही मला आदर्श पद्धत वाटते. आता स्वतःलाच विचारा, त्या वर्षी आपल्या दोन्ही एमआयडीसींतून किती जणांनी तोंड उघडले? किती जणांना असे काही विचारले जात आहे हे ठाऊक तरी होते?

शिवाय सुसंगतीचा खर्च वाटतो तेवढा नसतो. एफिका नावाचा एक छोटा पॉवरपीसी बोर्ड होता. त्याचे फर्मवेअर स्वतःची ओळखच चुकीची सांगायचे. इंटरप्टच्या (प्रोसेसरला मिळणाऱ्या इशाऱ्यांच्या) नोंदी सदोष, इथरनेटची जोडणी अपुरी. कर्नेलने काय केले? बूट होताना आधी बोर्ड ओळखायचा, आणि तो एफिका असेल तरच ट्रीतल्या चुका जागेवर दुरुस्त करून पुढे जायचे. एक छोटे फंक्शन, एका कोपऱ्यात. बाकीच्या कर्नेलला त्या चुकांची झळ लागत नाही. जुन्या फर्मवेअरचा त्रास असा उंबरठ्यावरच अडवता येत असेल तर त्यासाठीचा कोड ठेवावा. तो घरभर पसरत असेल, ३८६ सारखा, तर काढावा. दोन्हींना एकाच तागडीत घालून 'जुना कोड' म्हणणे हा आळस आहे.

सुरक्षेचा मुद्दा मात्र मला उलटाच दिसतो. म्हणे जुने बोर्ड जाळ्यावर असणे धोक्याचे, म्हणून सपोर्ट काढा. सपोर्ट काढला की बोर्ड भिंतीवरून उतरतो का? उतरत नाही. तो तिथेच राहतो, फक्त त्याच्यावरचा कर्नेल आहे त्या वर्षात अडकून पडतो. २०१६ मध्ये उघड झालेले डर्टी काऊ हे भोक २००७ पासून कर्नेलमध्ये होते. ज्यांना नवा कर्नेल घालता आला त्यांचे भोक बुजले. ज्यांचा बोर्ड नव्या कर्नेलवर उठतच नव्हता, त्यांच्याकडे ते कुणी हाताने पॅच (दुरुस्तीचा तुकडा) बसवेपर्यंत उघडेच राहिले. सुसंगती हा त्या जुन्या बोर्डापर्यंत दुरुस्ती पोहोचवणारा रस्ता आहे. तो खणून ठेवायचा आणि वर धोक्याची ओरड करायची?

यापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे, आणि तिची तारीख ठरलेली आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारी प्रणाली १९ जानेवारी २०३८ ला भरते. आपल्या वेळेनुसार मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी. म्हणजे दूध संस्थेत सकाळच्या संकलनाची गडबड असते त्या सुमाराला. पुढच्या सेकंदाला अशा पेटीच्या लेखी आपल्या वेळेनुसार तारीख १४ डिसेंबर १९०१ होते. पावतीवर शाहू महाराजांच्या कारकिर्दीतली तारीख उमटेल, हे गमतीचे वाटेल; पण दहा दिवसांचे बिल तारखांच्या हिशोबाने निघते, तिथे गंमत संपते. ३२ बिटांच्या चिपांसाठी कर्नेलमधली दुरुस्ती मार्च २०२० च्या ५.६ मध्ये पूर्ण झाली. सी लायब्ररी आणि वरचे प्रोग्रॅमही नव्याने बांधावे लागतात, ते वेगळे. पण त्या पेटीत ५.६ किंवा पुढचा कर्नेल तिच्या जुन्या बूटलोडरवर उठलाच नाही, तर ही दुरुस्ती तिच्यापर्यंत पोहोचणार कशी? २०३८ पर्यंत या पेट्या राहणारच नाहीत, असे म्हणणाऱ्याने आधी आपल्याकडच्या वर्कशॉपातल्या मशीनांचे वय विचारून यावे.

'अहो काका, नवा बोर्ड पाच-सहा हजारांत येतो.' हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे, आणि त्याला मिळणारे उत्तरही: 'येतो रे बाळा, पण तो बसवायला मला हंगाम थांबवावा लागतो.' बोर्डाची किंमत आणि बोर्ड बदलण्याची किंमत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कनेक्टर वेगळे, व्होल्टेज वेगळे, जुन्या पॅनेलच्या वायरिंगचा नकाशा हरवलेला, वरचा प्रोग्रॅम लिहिणारा पोरगा परदेशात. वजनकाट्यात असा फेरफार झाला की वैधमापन खात्याकडून पुन्हा पडताळणी आणि मुद्रांकन आले. आणि चालू बोर्ड भंगारात गेल्याने वाढणारा ई-कचरा कुणी हिशोबात धरतच नाही.

एक मुद्दा मात्र मला खरोखर अडचणीत टाकतो. कर्नेल इतका समजूतदार राहिला तर वाईट फर्मवेअर विकणाऱ्यांचे फावते. पीसीच्या जगात याचा कळस झाला आहे. तिथले फर्मवेअर विचारते, 'तू विंडोज आहेस का?' आणि लिनक्स निमूटपणे 'हो' म्हणते, कारण खरे सांगितले तर फर्मवेअर न तपासलेल्या वाटेने जाते. ही शरमेची गोष्ट आहे, पण शरम वाटायला हवी ती विकणाऱ्याला, आणि तिची शिक्षा वापरणाऱ्याला देऊन काय साधणार? विकणाऱ्याला वेसण घालायची जागा खरेदीची ऑर्डर ही आहे. युरोपने कायदाच केला. सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला, त्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतात आणि बहुतेक उत्पादनांना किमान पाच वर्षे सुरक्षा अपडेट देणे त्यात बंधनकारक आहे. आपल्या ऑर्डरीत काय असते? किंमत, डिलिव्हरी, एक वर्षाची वॉरंटी. पेटी मुख्य लिनक्स कर्नेलवर चालते की कंपनीने त्यातून स्वतः फोडून केलेल्या कर्नेलवर, हा प्रश्न कोण विचारतो? आणि हे कबूल करायलाच हवे की ज्या पेट्यांचा कर्नेल कधी मुख्य प्रवाहात आलाच नाही, किंवा ज्यांचा बूटलोडर कंपनीची सही असलेल्या कर्नेलशिवाय काही घेतच नाही, त्यांना ही सगळी सुसंगती फारशी उपयोगाची नाही. त्यांच्यासाठी लढाई खरेदीच्या टेबलावर हरलेली असते.

बदल आणि सुसंगती एकत्र नांदू शकत नाहीत, असे मानणाऱ्यांनी १९५७ आठवावे. १ एप्रिलला दशमान नाणी आली. आणा सव्वासहा नव्या पैशांचा, म्हणजे सरळ भाग जात नव्हता. तरी सरकारने दुसऱ्या दिवशी आणे पंचगंगेत फेकायला सांगितले नाही. चवली-पावलीच्या हिशोबाचे कोष्टक दिले, जुनी आणि नवी नाणी शेजारी शेजारी चालू दिली, आणि १९६४ मध्ये पैशामागचे 'नवे' काढले. नवी व्यवस्था जुन्यामुळे अडली नाही, आणि बाजारही थांबला नाही.

उलट उदाहरणही आपल्याच शहरात आहे. कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर संस्थानची मोडी दप्तरे आहेत. विसाव्या शतकाच्या मध्याला मोडीचा वापर थांबला, शाळांतून ती गेली. छपाईला बाळबोध सोयीची, तेव्हा निर्णय चूक होता असे मी म्हणत नाही. पण मोडी वाचणारी माणसे तयार होत राहतील, याची व्यवस्था कुणी केली नाही. मग २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांसाठी धावाधाव झाली. लिहिणे थांबवणे आणि वाचणे थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या बोर्डांत एटॅग कुणी वापरू नये हे बरोबरच. जुन्या बोर्डांचे एटॅग वाचणारा कोड त्याच दिवशी पुसावा, हे त्यातून निघत नाही.

राहता राहिला पैशांचा आणि कष्टांचा प्रश्न. सीमेन्स, तोशिबा, हिताची यांसारख्या कंपन्यांनी २०१६ मध्ये सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म नावाचा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनखाली उभा केला. रेल्वे, वीज केंद्रे अशा ठिकाणी बोर्ड दशकभर आणि त्याहून जास्त चालतात, म्हणून निवडक कर्नेल किमान दहा वर्षे सांभाळायचे, त्यांतला ४.४ हा २०२७ पर्यंत. या कंपन्यांनी मेंटेनरांना शिव्या घातल्या नाहीत, पैसे आणि माणसे घातली. आपल्या फाउंड्र्या सीमेन्सएवढ्या नाहीत, हे खरेच. पण कर्नेलसीआय नावाचा प्रकल्प जगभरच्या प्रयोगशाळांतल्या खऱ्या बोर्डांवर नवे कर्नेल चढवून ते उठतात की नाही हे पाहत असतो, आणि अशी प्रयोगशाळा म्हणजे एक रॅक, वीज चालू-बंद करणारे रिले, सीरियल केबली आणि नेटवर्क. आपल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा विद्यापीठाच्या विभागात हे सहज मावेल. कारखान्यांनी आपल्याकडच्या जातीचा एकेक जादा बोर्ड तिथे द्यायचा. विद्यार्थ्यांनी नवा कर्नेल आला की त्यावर चढवायचा आणि उठला नाही तर कोणत्या बदलापासून उठत नाही हे शोधून कळवायचे. मेंटेनरला 'आमचा बोर्ड चालत नाही' या तक्रारीचा उपयोग नसतो. नेमका बदल आणि सीरियल केबलवरून आलेला शेवटचा मजकूर हाती पडला, तर तो बहुधा दुरुस्ती करतोच.

यावर उद्योजकांच्या असोसिएशनमधले लोक विचारतील की कॉलेजची पोरे चार वर्षांत निघून जातात, मग रॅक कोण सांभाळणार. प्रश्न रास्त आहे. त्यासाठी एक पगारी तंत्रज्ञ लागेल आणि त्याचा पगार फाउंड्रीवाल्यांनी, साखर कारखान्यांनी आणि दूध संघांनी वाटून घ्यावा लागेल. तो आकडा टेबलावर ठेवून बोलायला बसलो, तर 'फेका' आणि 'डाव आहे' ही दोन्ही वाक्ये पहिल्या दहा मिनिटांत बाजूला पडतील.